तेरेखोल नावाची बोट

“‘ऊर्मी’, ‘ऊर्मी’... खंय पोचलात वहिनी?”

मी एका हातानं टेबलाची कड धरून ठेवली होती, दुसऱ्या हातात रेडिओचा माईक होता. बोट एका कुशीवर कलून चालली होती आणि शेगडीवरच्या चहाच्या भांड्यावरही लक्ष ठेवायचं होतं. आदल्या दिवशीपासून किती अंतर कापलं ते मी वाचून दाखवलं.

“वारा?”

“आग्नेयेचा. बरा आहे. शीड थोडं आवळलंय.”

“छान. माझ्याकडं पण तोच. मी तुमच्या मागं, दक्षिणेला तीसेक मैलांवर असेन. भाऊ काय करतायत?”

“झोपलेत,” मी म्हटलं. “पहाटेपर्यंत त्यांची पाळी होती.”

“झोपू देत, झोपू देत. उठले की म्हणावं, नानानं विचारलंय.”

मी माईक आकड्याला अडकवला आणि चहा ओतला. एकच कप. माझ्या नवऱ्याला, श्रीपादला, जाऊन तेव्हा बावीस महिने झाले होते.

न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या ओपुआ बंदरातून मी निघाले होते, फिजीतल्या सावुसावूला जायला. शिडाच्या बोटीनं बारा-तेरा दिवस लागतात. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते. देवरुखात वाढलेली, समुद्र बघायचा तर एसटीनं रत्नागिरीला जावं लागायचं. ऑकलंडला आल्यावर श्रीपादनं ही बोट घेतली आणि मला शिडं, दोऱ्या, नकाशे सगळं शिकवलं. दहा वर्षं आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडलो. निवृत्त झाल्यावर फिजीला जायचं, असं तो दर दिवाळीला म्हणायचा. निवृत्तीला चार महिने राहिले होते तेव्हा तो गेला. मुलगी म्हणाली, “आई, बोट विकून टाक.” मी विकायला काढली, दोन गिऱ्हाइकं आली, दोघांनाही मी किंमत वाढवून सांगितली. मग एक दिवस सामान भरलं आणि निघाले.

या समुद्रात बोटींची रोज सकाळी हजेरी असते. लांब पल्ल्याच्या रेडिओवर, ठरलेल्या वेळी. न्यूझीलंडमधली एक म्हातारी बाई हौसेनं ती घ्यायची. ती बोटीचं नाव पुकारणार, आपण कुठं आहोत, वारा कसा आहे, तब्येत कशी आहे ते सांगायचं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “बोटीवर किती जण?” आणि मी म्हटलं, “दोघं.” एकट्या बाईनं साऱ्या महासागराला आपण एकटी आहोत हे कशाला सांगायचं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. खरं तर तोंडातून निघून गेलं. दहा वर्षं तेच उत्तर देत आले होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपल्यावर एक जाडसर, खोकल्यानं घासलेला आवाज इंग्रजीत म्हणाला, “‘ऊर्मी’, तुमच्या बोटीचं नाव माझ्या गावाकडचं वाटतं.” आणि पुढचं वाक्य सरळ मराठीत. मी इतकी दचकले की माईक हातातून सुटला.

दिगंबर खानोलकर. वेंगुर्ल्याचे. सगळे नाना म्हणतात. व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, मग बायकोबरोबर स्वतःची छोटी बोट घेऊन इकडंच राहिले. बोटीचं नाव ‘तेरेखोल’, त्यांच्याकडच्या नदीवरून. बायको, कुसुम, सहा वर्षांपूर्वी गेली. “आता मी आणि ‘तेरेखोल’,” ते म्हणाले. “मी पण सावुसावूलाच चाललोय. म्हणजे सोबत झाली तुमची. तुम्ही दोघं, मी एक.”

त्या वेळी सांगता आलं असतं. मी म्हटलं, “हो, सोबत झाली.”

मग रोज हजेरीनंतर आम्ही रेडिओच्या दुसऱ्या पट्टीवर जायचो आणि दहा-पंधरा मिनिटं बोलायचो. फार काही नाही. काय शिजवलं. मासा गळाला लागला का. नाना सांगायचे, वेंगुर्ल्याच्या बंदरात त्यांचा बाप पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, चालवायचा आणि पावसाळ्याआधी तो किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवायचे. मी सांगायचे, श्रीपादनं आज पाण्याचा पंप दुरुस्त केला. पंप मीच उघडून, हाताची साल काढून घेत दुरुस्त केलेला असायचा. श्रीपादला थोडी सर्दी झाली. श्रीपादला माझी खिचडी खारट लागली. एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. दिवसभर मी मनाशी जमवून ठेवायचे, उद्या नानांना श्रीपादचं काय सांगायचं ते. ती पंधरा मिनिटं तो खरोखरच खाली बर्थवर कूस बदलत असायचा. माईक ठेवला की बोटीत पुन्हा लाकूड करकरायचं आणि पाणी आपटायचं, दुसरं काही नाही.

सहाव्या दिवशी वारा नैर्ऋत्येला फिरला आणि वाढत गेला. नानांनी सकाळीच सांगितलं होतं, “मोठा येतोय वहिनी. शिडं आत्ताच उतरवा. दर तीन तासांनी मी रेडिओ चालू ठेवतो. काही लागलं तर हाक मारा.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्यात काही उरलं नव्हतं. मोठं शीड गुंडाळलेलं असूनही वाऱ्यानं एका कोपऱ्यात धरून टरकावलं होतं. सुकाणू बांधून बोट नुसती तरंगत ठेवली होती, पण दर सातवी-आठवी लाट तिला आडवी पाडायची आणि कपाटातलं सगळं माझ्या अंगावर यायचं. तीस तास झाले होते, झोप नाही, पोटात काही नाही. मी बोटीत खाली फळ्यांवर, पाण्यात बसले होते आणि मांडीवर पिवळा डबा होता. त्याची कळ दाबली की कुठल्यातरी देशातल्या लोकांना कळतं की इथं कुणीतरी बुडतंय. मग आसपासचं एखादं मालवाहू जहाज येतं, आपण दोरीच्या शिडीनं वर चढायचं आणि आपली बोट मागं सोडून द्यायची.

कळ दाबण्याआधी मी माईक घेतला. का घेतला ते मला माहीत नाही.

“नाना. मी डबा दाबतेय.”

“वहिनी? बोट फुटलीय काय?”

“नाही.”

“पाणी वाढतंय?”

“पंप चालतोय. पण मला नाही जमत आता. नाही जमत हो.”

“भाऊ खंय आहेत?”

“झोपलेत,” मी म्हटलं.

 रेडिओत नुसती खरखर. मला वाटलं, गेले.

“बरं,” ते म्हणाले. “मग तुम्हीच ऐका. तुमच्या दक्षिणेला तीस मैलांवर मी आहे. माझं सुकाणू मोडलंय. काल रात्रीच मोडलं. सांगणार नव्हतो. वारा पडल्यावर मला कुणीतरी ओढून न्यावं लागणार आहे, आणि जवळपास तुमच्याशिवाय दुसरी बोट नाही. तुम्ही जहाजावर चढून गेलात तर माझं काय?”

“नाना...”

“म्हणून म्हणतो, डबा खाली ठेवा. ठेवलात? आता एक काम करा. साखर आहे? मूठभर साखर तोंडात टाका आणि वर पाणी प्या. मग कोरडं काहीतरी अंगावर घ्या. संध्याकाळी सहाला मला हाक मारा. मी वाट बघतोय. मी पण घाबरलोय, गो. दोघांनी मिळून घाबरू.”

मी साखर खाल्ली. ओल्या हातानं डब्यातून काढून, बकाबका. पिवळा डबा जागेवर ठेवला. आणि पाचच्या सुमाराला एक लाट वरचं झाकण उखडून आत आली. रेडिओ, माझं अंथरूण, नकाशे, सगळं भिजून गेलं. रेडिओचा दिवा एकदा मिणमिणला आणि विझला. सहा वाजता मी त्या मेलेल्या माईकमध्ये बोलले तरी. “नाना, आहे मी. आहे.”

सकाळी वाऱ्याचा जोर ओसरला. आकाश धुतल्यासारखं. सावुसावू उत्तरेला होतं आणि वारा मला तिकडं न्यायला अगदी सोयीचा. मी फाटलेलं शीड दाभणानं शिवलं, छोटं शीड चढवलं, आणि बोट दक्षिणेला वळवली. तीस मैल, वाऱ्याच्या तोंडावर, त्या राहिलेल्या उंच लाटांतून. ते अंतर कापायला अख्खा दिवस लागला.

तिथं काही नव्हतं. मी रेघा मारल्यासारखी बोट फिरवली, पूर्वेला पाच मैल, मग थोडं खाली, मग पश्चिमेला पाच मैल. मोडलेल्या सुकाणूची बोट वाहत कुठं गेली असेल त्याचा हिशोब मांडला आणि तिकडं शोधलं. डोलकाठीवर अर्ध्यापर्यंत चढून दुर्बिणीनं बघितलं. एकट्या माणसानं डोलकाठीवर चढायचं नसतं, पडलं तर उचलायला कुणी नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी लांबवर पांढरं काहीतरी दिसलं. मी ओरडतच निघाले, “नाना! नाना हो!” घसा फाटेस्तोवर. जवळ गेल्यावर माशांच्या खोक्याचं झाकण निघालं. मी ते तरीही आकडीनं ओढून बोटीवर घेतलं, उलटसुलट करून बघितलं, त्याच्यावर काही लिहिलंय का म्हणून.

मग उत्तरेला वळले.

पुढचे सहा दिवस मी कुणाशी बोलले नाही. आणि गंमत म्हणजे श्रीपादही बोटीवरून नाहीसा झाला. सांगायला नाना होते तोवर तो सर्दीनं शिंकायचा, खिचडीला नावं ठेवायचा. आता ते सांगायचं कुणाला? खालचा बर्थ म्हणजे नुसता बर्थ झाला, वर ओल्या दोऱ्या वाळत घातलेला. माझी खात्री झाली होती की नाना बुडाले, आणि ते सहा वाजता माझ्या हाकेची वाट बघत बुडाले.

सावुसावूला पोचले तो शनिवार होता. डोंगरांच्या मधून आत गेलेली अरुंद खाडी आणि तिच्या काठानं पसरलेलं एकच लांबलचक गाव. बाजाराचा दिवस. काठावरच्या गरम झऱ्यांतून वाफ निघत होती. कुठल्याशा चर्चच्या तरुण मंडळाचा पितळी बँड माशांच्या ओट्यांपाशी जीव तोडून वाजवत होता. बसगाड्यांना खिडक्या नव्हत्या, त्यांतून हिंदी गाणी आणि फिजीयन गाणी एकाच वेळी बाहेर पडत होती. अननसांचे ढीग, नारळाच्या झावळ्यांच्या टोपल्या, कढईत तळली जाणारी भजी. खाडीत पंचवीस-तीस परदेशी बोटी नांगरलेल्या, त्यांच्यावर कपडे वाळत होते आणि लोक या बोटीवरून त्या बोटीवर हाका मारत होते. सोळा दिवसांनी इतकी माणसं एकदम बघितली आणि मी थोडा वेळ खाली जाऊन बसले.

लिटिया नावाची एक उंच, ठसठशीत फिजीयन अधिकारी कागद घेऊन बोटीवर आली. केसांत जास्वंदीचं फूल होतं.

“बोटीवर किती जण?”

“एक,” मी म्हटलं. कागदावर खोटं लिहिता येत नाही.

तिनं शिक्का मारला. मी तिला ‘तेरेखोल’बद्दल सांगितलं. वादळ, मोडलेलं सुकाणू, कुठं शोधलं, कसं शोधलं.  तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि दोन-तीन ठिकाणी फोन केले. मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघत राहिली.

“या नावाची बोट न्यूझीलंडहून निघालेलीच नाही, ताई. ना या वर्षी, ना गेल्या वर्षी.”

“असं कसं? मी रोज बोलत होते.”

“तुम्ही असं करा, वरती रेडिओ अंकलकडं जा. सगळ्या बोटींचं ते ऐकतात. तुमचा आवाज बंद झाला हे त्यांनीच आम्हाला कळवलं होतं. रोज दोनदा येऊन विचारतात, ‘ऊर्मी’ आली का म्हणून. त्यांना काहीतरी माहीत असेल.”

बाजारात एका भाजीवालीला मी रस्ता विचारला. गिरमिटीत, म्हणजे करारावर मजूर म्हणून, आलेल्या कुणाचीतरी पणती असणार, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली. “रेडियो अंकल? ऊपर जाओ, पीला घर,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं नीट बघून हातात एक केळं ठेवलं. “पहिले खाओ.”

टेकडी चढताना पाय माझे नव्हतेच. समुद्रावरून आल्यावर जमीन हलते. पिवळं घर टोकाला होतं. दोन माडांच्या मध्ये लांब तार ताणलेली. दार उघडं. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि आतून आवाज आला.

“‘ऊर्मी’, ‘ऊर्मी’... वहिनी, ऐकू येतंय? मला शोधू नका. मी तिथं नाही. सरळ सावुसावूला या. ‘ऊर्मी’, ‘ऊर्मी’...”

तो आवाज बसला होता, चिरफाळला होता. मी दारातच उभी राहिले. पाठमोरा, बनियन घातलेला, बारीक चणीचा म्हातारा रेडिओपुढं वाकून बसला होता. टेबलावर समुद्राचा नकाशा पसरलेला. त्याच्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा, ओपुआपासून निघालेल्या, एकमेकींच्या शेजारून वर आलेल्या. एकीवर ‘ऊर्मी’ लिहिलं होतं. दुसरीवर ‘तेरेखोल’. सातव्या दिवशी दोन्ही थांबल्या होत्या.

“नाना,” मी म्हटलं.

ते वळले. खुर्ची पडली. माईक हातात तसाच.

“आलात?” ते म्हणाले. “आलात गो बाये?”

मी आत गेले नाही. “तुमची बोट कुठाय?”

त्यांनी खुर्ची उचलून सरळ केली, मला बसायला पुढं केली. मी बसले नाही. मग ते स्वतःच तिच्या पाठीला धरून उभे राहिले.

“विकली. सहा वर्षं झाली. कुसुम गेल्यावर मला तीत पाय ठेववेना. एक ऑस्ट्रेलियन जोडपं घेऊन गेलं.”

“मग हे?”

“सुरुवातीला मी नुसता हजेरी ऐकायचो. एकदा बोललो पण. म्हटलं, मी सावुसावूहून, जमिनीवरून बोलतोय. ती बाई म्हणाली, सुप्रभात, आणि पुढचं नाव घेतलं.” ते हसल्यासारखं काहीतरी करायला गेले. “घरात बसलेल्या माणसाला कोण विचारतं वहिनी, कुठवर पोचलात म्हणून? पुढच्या मोसमात मी म्हटलं, ‘तेरेखोल’, ओपुआहून निघालेली. तर सगळ्यांनी विचारलं. वारा कसा आहे, जेवलात का, झोप मिळते का. हवामानाचे नकाशे बघून मी अगदी बरोबर जागा सांगायचो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.”

“आणि सुकाणू?”

“तुम्ही डबा दाबत होता. दुसरं काही सुचलं नाही मला. वाटलं, सहा वाजता सांगेन खरं. तुम्ही बोललाच नाहीत. तेव्हापासून...” त्यांनी माईककडं बघितलं.

“दोन दिवस शोधलं मी तुम्हाला,” मी म्हटलं. माझा आवाज चढला, मला तो आवरेना. “फाटक्या शिडानं. डोलकाठीवर चढले. हाका मारल्या. तुम्ही मेलात असं समजून सहा दिवस रडत आले. आणि तुम्ही इथं या खुर्चीत बसून! लाज नाही वाटली? माणसाच्या जिवाशी खेळता? खोटारडे आहात तुम्ही, नाना.”

“हो,” ते म्हणाले.

खालून बाजारातला बँड ऐकू येत होता. कुणीतरी मोठ्यानं हसलं.

“भाऊ बरे आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“बरे आहेत.”

“त्यांना माझी माफी सांगा. म्हणावं, वहिनींना नसत्या संकटात घातलं या माणसानं. त्यांच्यापुढं यायला मला तोंड नाही.”

ते माझ्याकडं बघत होते. शांतपणे, वाट बघितल्यासारखे.  एक वाक्य होतं, तेवढं बोलायचं होतं. ते मी बोलले असते तर त्या खुर्चीत बसता आलं असतं.

“सांगते,” मी म्हटलं, आणि टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बोटींवरची मंडळी जमली होती. तिथं भिंतीवर रेडिओ होता, हजेरी लागली की सगळे ऐकायचे. बाईनं नावं पुकारायच्या आधीच नानांचा आवाज आला. इंग्रजीत. थांबत थांबत, लिहून काढलेलं वाचावं तसं. ‘तेरेखोल’ नावाची बोट नाही. गेली सहा वर्षं नव्हती. आपण सावुसावूच्या टेकडीवरून बोलत होतो. त्यामुळं एका बोटीचा जीव धोक्यात आला. सगळ्यांची क्षमा मागतो. यापुढं आपण बोलणार नाही.

 मग बाई म्हणाली, “कळवल्याबद्दल आभार.” आणि पुढच्या बोटीचं नाव घेतलं.

दुकानात हशा पिकला. एक जण म्हणाला, असल्या माणसाला तुरुंगात घातलं पाहिजे. शेजारची एक बाई माझ्याकडं वळली. “तुलाच शोधायला लावलं ना त्यानं? कल्पना कर, रोज सकाळी उठून इतकं खोटं बोलायचं! कसला माणूस असेल?”

मी मान हलवली. कॉफी प्यायले.

बोट दुरुस्त व्हायला दोन आठवडे लागले. रोज सकाळी पिवळं घर खाडीतून दिसायचं. मी वर गेले नाही, ते खाली आले नाहीत. लिटिया एकदा म्हणाली, अंकल बाजारातही दिसत नाहीत हल्ली. मी नवं शीड आलं का ते विचारलं. ऑक्टोबरात दोन तरुण मुली मदतीला घेऊन परत न्यूझीलंडला आले. वाटेत रोज हजेरी ऐकली. नाना बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी बोट विकली, आणि या खेपेला किंमत वाढवून सांगितली नाही.

हे सगळं मी कुणालाही सांगताना नानांचं खोटं म्हणून सांगायचे. लोक थक्क व्हायचे. मुलगीही झाली. माझ्या खोट्याचा भाग मी गाळायचे. चार वर्षं गाळला. मग एका रविवारी, काहीच कारण नसताना, मी टेबलाशी बसले आणि एका पानावर लिहिलं की बोटीवर भाऊ नव्हते, कधीच नव्हते, तुमच्यासमोर उभी होते तेव्हाही नव्हते. पत्ता माहीत नव्हता. ‘रेडिओ अंकल, पिवळं घर, सावुसावू’ असं इंग्रजीत लिहून टाकलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. जुन्या वळणाचं, टपोरं अक्षर.

“शरयूबाय,

पत्र पोचलं. तुम्ही एकट्या आहात हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं होतं. माणूस खाली झोपलेला असताना बाई एवढ्या मोठ्यानं बोलत नाही. कुसुम झोपलेली असायची तेव्हा मी रेडिओवर कुजबुजायचो. तुम्ही आपणहून सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं नाही. तुम्ही भाऊंचं सांगायचात ते ऐकायला बरं वाटायचं. मनाला लावून घेऊ नका. रेडिओ मी इथल्या शाळेला दिला. गुडघे धरलेत, टेकडी उतरवत नाही. बाकी ठीक.

दिगंबर खानोलकर”

मी ते स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. त्यांनी मला वहिनी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी खुर्चीच्या पाठीला धरून, नसलेल्या माणसाची माफी मागताना, तो माणूस नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी खोटारडे म्हटलं तेव्हाही ठाऊक होतं. ते एक शब्द बोलले असते तर मी तिथंच खाली बसले असते. त्यांनी मला ताठ मानेनं उतरू दिलं.

त्याच दुपारी मी उत्तर लिहायला घेतलं. श्रीपाद कसा गेला ते लिहिलं. तो दुकानाबाहेर मोटारीत बसला होता आणि मी आत लिंबं निवडत होते. ओळखीची बाई भेटली, तिच्याशी वीस मिनिटं बोलत राहिले. बाहेर आले तेव्हा इंजिन चालू होतं आणि त्याचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. मला वाटलं, डुलकी लागली असेल. म्हणून त्याला उठवलं नाही, हळूच शेजारी बसले, पिशवीचाही आवाज केला नाही. बराच वेळ बसले. हे मी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. नानांना सगळं लिहिलं, लिंबांचा भावसुद्धा. सात पानं झाली. पाकिटावर या वेळी त्यांचं पूर्ण नाव घातलं.

ती पानं त्यांना पोचली की नाही, ते मला कळलं नाही.